बाबा घरीच आहेत

बाबा माझ्याशी खोटं बोलतायत हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं नाही. आवाज अगदी नेहमीसारखा होता, म्हणजे कामाचं सोडून दुसरं काही न विचारणारा. मला ते कळलं मिलिसेकंदांवरून. ज्या घरात मुलगी बापाची तब्येत आकड्यांवरून ओळखते त्या घराला काय म्हणावं, हे आईला अजून सुचलेलं नाही. सुचेल तेव्हा ती सांगेलच. ती काही मनात ठेवणाऱ्यांतली नाही, तो एक आठवडा सोडला तर.

मी नेटवर्क इंजिनीअर आहे. बाबाही होते, आणि निवृत्त झाल्यावर जास्तच झाले. पूर्वी ऑफिसातली चार माणसं त्यांचं ऐकून घ्यायची, आता तो सगळा साठा माझ्या वाट्याला येतो. त्यांचं घर आणि माझं घर यांच्यात जवळजवळ दिवसभराचा प्रवास आहे. मी घर घेतलं तेव्हा लोकांनी चादरी दिल्या, भांडी दिली. बाबांनी राऊटर आणला. आईनं पिशव्या खाली ठेवेपर्यंत त्यांनी तो भिंतीला ठोकलासुद्धा, आणि संध्याकाळच्या आत त्यांचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये व्हीपीएन उभं केलं.

आता व्हीपीएन म्हणजे काय, तर सार्वजनिक रस्त्याखालून काढलेली आपली खासगी वाट. इंटरनेट सगळ्या जगाचं. त्यातूनच दोन ठिकाणांनी आपापसांत एक कुलूपबंद मार्ग काढायचा. आत काय चाललंय ते बाहेरच्याला दिसत नाही, आणि आतल्यांना वाटतं आपण सगळे एकाच छपराखाली आहोत. आमच्या धंद्यात त्याला टनेल म्हणतात. बाबा बोगदाच म्हणतात. त्यांचा रोजचा सकाळचा फोन "कशी आहेस?" असा सुरू होत नाही. "बोगदा उभा आहे ना?" असा सुरू होतो, आणि मी हो म्हटलं की त्यांच्या लेखी माझी तब्येतही उत्तम असते.

या बोगद्याचा उपयोग काय, असं आईनं विचारलं तर आम्ही दोघंही एकदम बोलायला लागतो आणि ती उठून जाते. उपयोग आहे. एकदा मी इथून चुकून त्यांच्या हॉलमधल्या प्रिंटरवर अख्खा आराखडा छापला होता. आईला वाटलं, प्रिंटरला वेड लागलं. तिनं त्याची वायर ओढून काढली आणि मग मला फोन केला.

दर महिन्याला बोगद्याची किल्ली बदलायची, हा बाबांचा नियम. किल्ली म्हणजे अक्षरांची आणि चिन्हांची एक लांबलचक ओळ. ती दोन्हीकडच्या राऊटरमध्ये सारखीच भरावी लागते. पण अख्खी किल्ली एका वाटेनं पाठवायची नाही! म्हणून अर्धी बाबा त्यांच्या फोनवरून वाचून दाखवतात, आणि अर्धी आई तिच्या फोनवरून.

"मोठा के, छोटा के, आठ, मग ते शेपटीवालं," आई वाचते. "शेपटीवालं म्हणजे काय गं?"

"स्वल्पविराम."

"मग स्वल्पविराम म्हणायला काय होतं यांना? आणि आपल्याकडनं चोरायचं तरी काय आहे कुणी? माझी वांगी लावायची पद्धत?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे," मागून बाबांचा आवाज येतो.

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं. माझ्याकडे एक जुना कॉम्प्युटर आहे. तो दिवसभर दोन्ही घरांतल्या प्रत्येक यंत्राला टकटक करतो आणि उत्तर यायला किती वेळ लागला त्याचा आलेख काढत बसतो. बाबांचा प्रिंटर, आईचा टॅब्लेट, बाबांचा फोन, सगळ्यांची एकेक रेघ. ऑफिसातल्या नव्या कल्पना मी आधी या दोन घरांवर करून बघते, त्यासाठी तो लागतो. त्या रेघा कशा वाचायच्या हे बाबांनीच शिकवलं. "सरासरी बघू नकोस," ते सांगायचे. "फोन झोपतो, वायफाय अडखळतं, कुणीतरी सिनेमा लावतं, सरासरी कुठेही भरकटते. सगळ्यात कमी आकडा बघ. ज्या वेळी कुणीच आडवं आलेलं नसतं त्या वेळी जे उत्तर येतं, तेच खरं अंतर."

ही कथा ज्या आठवड्याची आहे, त्या आठवड्यात मात्र मला रेघा बघायला सवड नव्हती. शनिवारी माझं कटओव्हर होतं, म्हणजे जुनं नेटवर्क सोडून सगळं नव्यावर चढवायचा दिवस. औषधांच्या दुकानांची एक मोठी साखळी आमची गिऱ्हाईक आहे. त्यांची सगळी दुकानं व्हीपीएननं मुख्य कचेरीला जोडलेली, आणि फक्त मुख्य कचेरीला. एका दुकानाला पुढच्या चौकातल्या दुकानात एखादं औषध आहे का विचारायचं असलं, तरी निरोप आधी मुख्य कचेरीला जाणार आणि तिथून उलटा फिरणार. आमच्या घरात मावशीची बातमी मामाला आईमार्फतच जाते, तसलाच प्रकार. आणि आई झोपली की जशा सगळ्या बातम्या बंद, तशी मुख्य कचेरीची लाइन गेली की सगळी दुकानं मुकी. मी नवीन आराखडा केला होता. गरज पडली की दोन दुकानं आपापसांत थेट बोगदा काढतील, काम झालं की तो आपोआप बुजेल. माझा स्वतःचा असा तो पहिलाच मोठा आराखडा. वर्षभर मी त्यावर राबले होते, आणि माझ्याबरोबर बाबाही. प्रत्येक पान त्यांनी तपासलं होतं आणि प्रत्येक पानावर भांडण झालं होतं.

मंगळवारी दुपारी सहज लक्ष गेलं, तर बाबांच्या फोनची रेघ वर चढलेली. प्रिंटर जागच्या जागी, टॅब्लेट जागच्या जागी, फक्त फोन दूर गेल्यासारखा. मी फोन लावला.

"बाबा, तुमच्या वायफायचं काय झालंय? फोन फार रेंगाळतोय."

"असं होय?"

"राऊटर त्या कपाटामागे ठेवलात ना पुन्हा? कितीदा सांगितलं. बाहेर काढा तो."

"हो. बरोबर आहे तुझं. काढतो."

फोन ठेवला आणि मी पुन्हा कामाला लागले. दोन तासांनी चहा करताना एकदम हात थांबला. बरोबर आहे तुझं? बाबा? मला बरोबर म्हणाले? राऊटर कुठे ठेवायचा यावर आमचे तीन वाढदिवस नासले होते. माणसानं एवढ्यात हार मानली म्हणजे काहीतरी गडबड आहे.

पण मी पडले इंजिनीअर. गडबड म्हटली की मला आधी लाइनच दिसते, माणूस दिसत नाही. बुधवारी मी त्यांच्या इंटरनेट कंपनीला फोन लावला आणि पलीकडच्या बिचाऱ्या मुलीला फैलावर घेतलं. "राऊटर बंद करून चालू केलात का?" असं तिनं विचारल्यावर तर माझा पाराच चढला. मग तिनं शांतपणे लाइन तपासली आणि लाइन ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. वरच्या साहेबाकडे तक्रार केली. तोही तेच म्हणाला. बाबांना पुन्हा फोन केला तर म्हणाले, "अगं, जाऊ दे ना. शनिवारचं बघ तू. परत फिरायची तयारी ठेवली आहेस ना? काही बिनसलं तर जुन्यावर किती वेळात येशील?" या प्रश्नावर मी अर्धा तास बोलले. त्यांना तेच हवं होतं हे आता कळतंय.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी आलेख उघडला आणि त्यांनी शिकवलं होतं तेच केलं. सरासरी सोडून दिली, तीन दिवसांतला सगळ्यात कमी आकडा काढला. वायफाय वाईट असेल, फोन झोपाळू असेल, तर सरासरी बिघडते. पण अख्ख्या दिवसात एकदा तरी, एखाद्या क्षणी, फोनचं उत्तर प्रिंटरइतक्याच वेळात यायला हवं. दोघं एकाच घरात आहेत ना! ते एकदाही आलं नव्हतं. कमीत कमी आकडासुद्धा प्रिंटरच्या चौपट होता. म्हणजे फोनला झोप आलेली नव्हती. फोन घरीच नव्हता.

पण फोनचा नेटवर्कवरचा पत्ता तर घरचाच दिसत होता. त्यांच्या घरातल्या यंत्रांना राऊटर आकड्यांचे जे पत्ते देतो, त्यांतला बाबांच्या फोनचा नेहमीचा पत्ता. आता हे दोन्ही एकाच वेळी खरं असण्याचा एकच मार्ग आहे. घराबाहेरून घरच्या राऊटरशी फोननं स्वतःचं वेगळं व्हीपीएन जोडायचं. प्रवासातली माणसं ऑफिसशी जोडतात ना, तसं. आणि राऊटरला सांगून ठेवायचं, की हा फोन आला की त्याला घरातलाच जुना पत्ता दे. मग बोगद्याच्या या टोकाला बसलेल्या मुलीला वाटणार, बाबा घरीच आहेत. हे काही आपोआप होत नाही. असं करायला कुणीतरी मुद्दाम बसावं लागतं.

त्यांच्या राऊटरवर माझं एक खातं आहे. फक्त बघायचं, हात लावायचा नाही, या अटीवर दिलेलं. मी बघितलं. बाहेरून जोडलेला एकच फोन होता, आणि तो ज्या जागेच्या वायफायवरून आला होता तिचा पत्ता समोर होता. असे पत्ते कुणाच्या नावावर आहेत हे कुणालाही शोधता येतं. मी शोधलं. हृदयरोगाचं एक मोठं रुग्णालय होतं.

 मी आईला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं.

"आई, कितव्या मजल्यावर आहात?"

पलीकडून मला कुणाच्या तरी ट्रॉलीची चाकं ऐकू आली.

"चौथ्या," आई म्हणाली, आणि रडायलाच लागली. "मी नाही हं सांगितलं. मी शपथ मोडलेली नाही. तुला कसं कळलं?"

सोमवारी छातीत दुखलं होतं. तपासणीत तीन नळ्या तुंबलेल्या निघाल्या. शनिवारी सकाळी छाती उघडून ऑपरेशन. आणि बाबांनी पहिल्या तासातच आईकडून शपथ घेतली होती, की शनिवारचं कटओव्हर होईपर्यंत मला कळता कामा नये. मग खाटेवर बसून, हाताला सलाइन लावलेलं असताना, एका हातानं त्यांनी ते सगळं व्हीपीएन जुळवलं होतं.

मला आधी रागच आला. खोटं सांगत नाही. भीती नंतर आली, आणि आली ती एवढी आली की राग कुठे गेला कळलं नाही.

आमच्या टीममध्ये एकजण आहे, त्याला सगळे 'सावकाश' म्हणतात. तो कुठलंही काम करताना आधी हात चोळतो, मग विचार करतो, मग पुन्हा हात चोळतो. मी त्याला माझ्या आराखड्याच्या आसपासही फिरकू दिलं नव्हतं. त्या दुपारी मी त्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले आणि सगळे पासवर्ड, सगळ्या दुकानांचा क्रम, परत फिरायची वाट, सगळं भराभरा सांगत सुटले.

"थांब," सावकाश म्हणाला. "शनिवारी तू इथे नाहीस, एवढं कळलं. बाकीचं मी वाचून घेतो. तू गाडी बघ."

"पण त्या नदीपलीकडच्या दुकानाची लाइन—"

"बाई, जा आता."

शुक्रवारी संध्याकाळी मी पोहोचले. खोलीत दोन खाटा, पलीकडची रिकामी. बाबा उशीला टेकून बसले होते, चष्मा नाकाच्या टोकावर, फोन हातात. मला बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला, मग एकदम पडला, आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला,

"कटओव्हर कोण करतंय?"

"सावकाश."

"तो? अगं, तो संपवेल कधी?"

"डोंबलाचं कटओव्हर, बाबा!" मी इतक्या जोरात ओरडले की नर्स डोकावून गेली. मग मी त्यांच्या खाटेवर बसले आणि त्यांचा हात धरला. तो नेहमीपेक्षा गार होता.

बाबांना राहवेना. "कळलं कसं?"

"किमान आकड्यावरून."

"सरासरी नाही बघितलीस?"

"नाही."

"वा!" ते म्हणाले. मनापासून म्हणाले. चोर पकडला गेला आणि पकडणाऱ्याचं कौतुक करतोय. "पत्ता बरोबर जमला होता. पण अंतर कसं लपवणार? घरातल्या यंत्रांनाच जरा उशिरा उत्तर द्यायला लावलं असतं, प्रिंटरलासुद्धा, तर सगळ्या रेघा एकदम चढल्या असत्या आणि तुला लाइनचाच संशय—"

"बास!"

आई ओरडली. ती इतका वेळ खिडकीशी उभी होती हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिनं येऊन बाबांच्या हातातला फोन काढून घेतला.

"हिला सांगा उद्याचं. सांगा ना. नाहीतर मी सांगते." बाबा पांघरुणाकडे बघायला लागले. "उद्या यांना आत नेलं, की हा फोन मी मांडीवर घेऊन बसायचा. चार्जरला लावून. बंद पडू द्यायचा नाही. का, तर मुलीच्या कॉम्प्युटरवर बाबा चालू दिसले पाहिजेत. आणि एवढ्यावर भागलं नाही. निरोप लिहून ठेवलेत यात. आपोआप जाणारे. सकाळी एक, 'सुरुवात झाली का?' दुपारी एक, 'घाई करू नकोस.' आणि संध्याकाळी, 'शाब्बास, बाळा.'"

"अगं, मी शुद्धीवर येईपर्यंत फक्त—"

"आणि आला नसतात तर?" आईचा आवाज चिरका झाला होता. "आत टेबलावरच काही झालं असतं, मी बाहेर तो फोन धरून बसले असते, आणि इकडे हिला तुमचं शाब्बास गेलं असतं! ही खूश झाली असती! मग मी काय सांगायचं होतं हिला? किती दिवस चार्ज करत बसायचं होतं मी तुम्हाला? मूर्ख आहात तुम्ही. शिकलेले मूर्ख."

आईला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. ती रोज चिडते, पण ते चिडणं घड्याळासारखं असतं, वेळ झाली की टोले देतं. हे तसं नव्हतं.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं, आता ते कटओव्हरचं कारण पुढे करणार. मुलीचं वर्षभराचं काम, तिचं नाव होणार होतं, वगैरे.

"कटओव्हर हे निमित्त," ते म्हणाले. "म्हणजे तेही होतंच. पण खरं सांगू का? तू आली असतीस, तर मग ते खरंच झालं असतं. मोठं ऑपरेशन. लांबून मुलगी आली, म्हणजे मोठंच. तू तिकडून राऊटरवरून माझ्याशी भांडत होतीस ना, तेवढा वेळ मला वाटायचं, मी घरीच आहे. हॉलमध्ये बसलोय. आत्ता उठेन आणि राऊटर कपाटामागून काढेन." ते थांबले. "मला फार भीती वाटतेय, बाळा."

माझ्या उभ्या आयुष्यात बाबांनी हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. वीज जाते तेव्हा, लाइन जाते तेव्हा, ऑफिसचं सगळं नेटवर्क कोसळतं तेव्हा इतरांची पाचावर धारण बसायची आणि बाबा चहा मागवायचे. मी त्यांना मिठी मारली. सलाइनची नळी मध्ये आली, ती सांभाळत कशीबशी मारली. "मलाही वाटतेय," मी म्हटलं. खरं तेवढंच होतं.

आईनं फोन पुढे केला. "पुसा ते निरोप."

त्यांनी पुसले. आम्हा दोघींच्या डोळ्यांदेखत पुसले. 'शाब्बास' पुसताना बोट जरा रेंगाळलं तशी आई म्हणाली, "ते तोंडानं म्हणा, शुद्धीवर आल्यावर," आणि नाक पुसत फळं चिरायला बसली.

शनिवारी सकाळी त्यांना नेलं. ट्रॉलीवरून जाताना त्यांनी छताला लावलेला राऊटर बघितला आणि तो उलटा बसवलाय म्हणून वॉर्डबॉयला सांगितलं. मग दार मिटलं.

बाहेरच्या बाकावर आम्ही दोघी बसलो. समोर एक टीव्ही होता, आवाज बंद केलेला, त्यात कुणीतरी बागकाम शिकवत होतं. माझा फोन पिशवीत तळाशी होता. त्या वेळी दुकानं जुन्या वाटेवरून नव्या वाटेवर चढत असणार, एकेक, सावकाश हात चोळत चढवत असणार. मला त्याचं काहीही वाटत नव्हतं. वर्षभर ज्याच्यासाठी झोप घालवली ते इतकं लांबचं वाटेल असं कुणी सांगितलं असतं, तर मी भांडले असते.

"मी काल त्यांना मूर्ख म्हणाले," बऱ्याच वेळानं आई म्हणाली.

"तू रोजच म्हणतेस."

"रोज म्हणते तेव्हा ते संध्याकाळी पुन्हा ऐकायला असतात." ती तिच्या ओढणीच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती. "आज सकाळी म्हणणार होते काहीतरी चांगलं. ठरवलं होतं. तर ते त्या वॉर्डबॉयशी बोलत बसले, आणि मी म्हटलं, 'गप्प पडा हो जरा.' हे शेवटचं म्हणाले मी. गप्प पडा."

मी तिचा हात माझ्या मांडीवर घेतला. बाबांचा फोन तिनं कालच बंद करून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला होता, आणि पर्स कुशीत घट्ट धरली होती.

दुपार झाली. दुपार कलली. दर वेळी दार उघडलं की आम्ही उठायचो आणि दुसऱ्याच कुणाचा तरी माणूस बाहेर यायचा. मी मनातल्या मनात बाबांशी भांडत होते, राऊटर कपाटामागेच ठेवा हवं तर, कुठेही ठेवा, असं म्हणत होते. शेवटी हिरव्या कपड्यांतला सर्जन बाहेर आला. त्यानं तोंडावरचा मास्क खाली केला, तर तो हसत होता.

"छान झालं," तो म्हणाला. "थोड्या वेळात शुद्धीवर येतील. पण आत एकावेळी एकच हं."

आईनं माझ्याकडे बघितलं. "तू जा आधी," ती म्हणाली. "इतक्या लांबून आलीस."

"जा, आई."

ती तीनदा नको म्हणाली आणि चौथ्यांदा पळतच गेली. मी काचेबाहेर उभी राहिले. आत दिवे मंद होते, यंत्रांची टिमटिम चालू होती, आणि त्या सगळ्या नळ्यांच्या मध्ये बाबा, एवढेसे झालेले. डोळे अर्धवट उघडलेले. आई खाटेशी गेली, वाकली, त्यांच्या कपाळावर हात ठेवला. मला वाटलं, आता ती ते चांगलं काहीतरी म्हणेल.

काचेतून आवाज येत नव्हता. दिसलं ते एवढंच, की तिनं डोळे पुसले, सरळ उभी राहिली, पांघरूण नीट केलं आणि मग बोट नाचवत बोलायला लागली. ती बोलतच होती. सोमवारपासूनचं सगळं काढलं असणार तिनं, शपथ, निरोप, चार्जर, सगळं. बाबांना मान हलवता येत नव्हती. ते फक्त तिच्याकडे बघत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तिचं बोलणं जरा थांबलं की खाटेवरचं त्यांचं बोट किंचित वर व्हायचं, आणखी बोल म्हणून. माझा नंबर यायला बराच वेळ लागणार होता. मी तिथेच काचेला डोकं टेकून उभी राहिले.